हॉल राहू द्या, आधी ओटा बांधा

वाचकाचं पत्र

आदरणीय मावशी, सलाम.

आमचं चर्च नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. मिशनच्या काळातलं, काळ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं. मी पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, सेक्रेटरी. दोनशे माणसं बसतील एवढी जागा आहे, रविवारी ऐंशी-नव्वद येतात. शेवटचा आशीर्वाद झाला की पाळकसाहेब दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात आणि दहा मिनिटांत आवार रिकामं होतं.

चर्चच्या मागे जुन्या मिशन शाळेची ३० फूट बाय १८ फुटांची एक खोली आहे. तिच्यात सध्या मोडक्या खुर्च्या, नाताळच्या गोठ्याचं सामान आणि भाता फाटलेल्या दोन पेट्या आहेत. मंडळीला उपासनेनंतर बसता-बोलता येईल अशी जागा तिथे करायचं कमिटीने ठरवलं. हार्वेस्टच्या म्हणजे सुगीच्या सणाला होणारा लिलाव आणि पुण्या-मुंबईला गेलेल्यांच्या देणग्या मिळून चार लाख रुपये जमले आहेत. पण एकमत नाही. तरुण संघाला कॅफेसारखं काहीतरी हवंय, बीनबॅग वगैरे. ट्रेझरर म्हणतात, एसी हॉल करू आणि वाढदिवस-साखरपुड्यांना भाड्याने देऊ. कोणीतरी चर्चमधले मागचे चार बाक काढून तिथेच जागा करा असं सुचवलं, तर ज्येष्ठ मंडळी खवळली, कारण त्यातल्या एका बाकावर त्यांच्या वडिलांचं नाव आहे. महिला मंडळ गप्प आहे.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. सरकारी दवाखान्यात बदलीवर आलेली एक सिस्टर तीन रविवार आली. उपासना संपली की फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली एकटी उभी राहायची. चौथ्या रविवारी आली नाही. तिचं नावसुद्धा कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

सुरुवात कुठून करू?

— एक सेक्रेटरी

उत्तर

सेक्रेटरीसाहेब, सलाम.

चार लाखांचा मजकूर मी एकदा वाचला आणि सिस्टरचा तीनदा. तुम्ही तो शेवटी लिहिलात, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ती लिंबाखाली का उभी राहिली? तुमच्या आवारात सावली तेवढीच आहे म्हणून. आणि उभी का राहिली, बसली का नाही? बसायला काही नाही म्हणून. उभ्या माणसाला उभं राहायला काहीतरी कारण लागतं. कोणाची तरी वाट पाहतोय, गाडी यायची आहे, फोन आलाय. ते कारण दोन-तीन मिनिटं पुरतं, मग त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं होतं. बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही की बाबा, तू इथे का.

म्हणून माझा सल्ला आधीच सांगून टाकते. हॉल राहू द्या. आधी लिंबाजवळ ओटा बांधा.

हे सांगायचा मला थोडा अधिकार आहे. मी पाळकाची मुलगी. मिशन कंपाउंडात वाढले, आणि पुढे तीस वर्षं पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. जुन्या इमारतींची मापं घेता घेता गुडघे गेले. त्यामुळे मंडळीचे रुसवेफुगवेही ठाऊक आहेत आणि भिंतीही.

तुमचा नकाशा तुम्हीच पत्रात काढून दिला आहे. खोली चर्चच्या मागे, फाटक पुढे. उपासना संपल्यावर माणसाचे पाय फाटकाकडे वळलेले असतात. घरी भाजी टाकायची असते, कोणाला एसटी गाठायची असते. अशा माणसाला ‘मागे या, चहा आहे’ म्हणून वळवायचं म्हणजे दर रविवारी दोन माणसं हात धरून ओढायला हवीत. ओळखीचे वळतील. नवीन माणूस वळणार नाही, कारण मागच्या खोलीत शिरणं म्हणजे कोणाच्या तरी घरात शिरण्यासारखं आहे. आत कोण असेल, बाहेर कसं पडायचं, काहीच दिसत नाही. जिथून सहज उठून जाता येतं तिथेच अनोळखी माणूस टेकतो. गावातला पार बघा. तिथे बसायला कोणाचं निमंत्रण लागत नाही आणि उठताना कोणाचा निरोप घ्यावा लागत नाही.

हॉलचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कुठलं चर्च ते सांगत नाही. बारा वर्षांपूर्वी त्यांनी असाच मोठ्या हौसेने हॉल केला. ग्रॅनाइटची फरशी, पीओपीचं छत, दोन एसी, काचेचं दार. फरशी खराब होते म्हणून चपला बाहेर, मग मुलं बाहेर, मग चहा बाहेर. किल्ली एका सभासदाच्या घरी. मी एका शुक्रवारी महिलांच्या प्रार्थनासभेला गेले तर ते गृहस्थ सासुरवाडीला. पंचवीस बायका हॉलच्या बाहेर पायऱ्यांवर बसल्या. खरं सांगू, सभा झकास झाली. रस्त्याने जाणाऱ्या दोन भाजीवाल्या पाटी उतरवून गाणी ऐकायला थांबल्या. काचेच्या दाराआड त्या कशाला आल्या असत्या?

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. चौथ्या शतकात रोममध्ये सेंट पीटरचं जुनं चर्च उभं राहिलं, त्याच्या पुढ्यात खांबांनी वेढलेलं मोठं अंगण होतं आणि मधोमध कारंजं. इंग्लंडमध्ये मध्ययुगात लग्नाच्या आणाभाका चर्चच्या दाराशी होत, मग वधूवर आत जात. लांब कशाला, गोव्यात घरापुढचा बाल्कांव बघा. दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधीव बैठका, संध्याकाळी घरातली माणसं तिथे बसतात आणि रस्त्यावरून जाणारा दोन शब्द बोलून जातो. आपल्याकडचा ओटा, ओसरी, पडवी याच जातीच्या जागा. घर आणि रस्ता यांच्या मधल्या. तुमच्या चर्चला आत आहे आणि बाहेर आहे, मधलं काही नाही.

आता बांधायचा कसा ते.

घाई करू नका. आधी तीन रविवार उपासना संपल्यावर तुम्ही स्वतः फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि बघा. माणसं कुठे अडतात, कुठे पांगतात, ऊन कुठवर येतं, म्हाताऱ्या बायका कशाला टेकतात, मुलं कुठे पळतात. माझी खात्री आहे की कुठल्या तरी एका जागी आजही घोळका जमत असेल. बहुधा चपलांपाशी. ओटा त्या जागेच्या जवळ आणि जाण्यायेण्याच्या वाटेला लागून हवा. वाटेत आडवा नको.

सरळ रेषेत लांबच लांब बांधू नका. रांगेत बसलेल्या माणसाला शेजारचा दिसतो, तिसरा दिसत नाही. एसटी स्टँडवर कोणी कोणाशी बोलत नाही त्याचं निम्मं कारण हेच. काटकोनात बांधा, एक बाजू पंधरा फुटांची, दुसरी दहाची. कोपऱ्याला बसलेल्यांचे गुडघे एकमेकांकडे वळतात आणि बोलणं आपोआप सुरू होतं. उंची सतरा-अठरा इंच. याहून बुटका झाला तर साठीच्या पुढच्या माणसाला उठताना हात द्यावा लागतो, आणि ज्याला हात लागतो तो पुढच्या वेळी बसतच नाही. (तरुण संघाच्या बीनबॅगचा निकाल इथेच लागला.) रुंदी दीड ते पावणेदोन फूट, वर शहाबादी फरशी, तिच्या कडा घासून गोल केलेल्या, आणि पावसाचं पाणी निघून जाईल एवढा किंचित उतार. ओट्यात मधेच तीन-साडेतीन फुटांची मोकळी फट ठेवा. व्हीलचेअरवरचा माणूस रांगेच्या टोकाला नाही, रांगेत बसला पाहिजे.

ओटा चर्चच्या जुन्या भिंतीला चिकटवू नका. मधे पाणी साचतं आणि भिंत ओल धरते. वर पत्र्याची शेडही नको. उन्हाळ्यात तापते आणि पावसात तिच्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. लिंबाची सावली सकाळी अकराला पुरते का ते तीन रविवारांत कळेलच. कमी पडली तर लाकडी सांगाड्यावर कौलं घाला. तुमच्या चर्चवर मंगलोरी कौलं आहेत, आणि ती कौलं मंगळुरात पहिल्यांदा बाझल मिशनच्या माणसांनी कारखान्यात काढली. म्हणजे छप्परही नात्यातलंच.

चर्चच्या दाराला किती पायऱ्या आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. तीन आहेत असं धरते, प्रत्येकी सहा इंचांची, म्हणजे दीड फूट चढ. उताराचा नियम एकास बारा. दीड फूट चढायला अठरा फूट लांबीचा उतार लागतो. सगळीकडे सहा-सात फुटांत घसरगुंडी बांधून ‘रॅम्प केला’ म्हणतात, त्यावरून भरल्या व्हीलचेअरला ढकलायला दोन पैलवान लागतात. दोन्ही अंगांना धरायला कठडा, वर आणि खाली खुर्ची वळेल एवढी पाच फुटांची सपाट जागा. हा उतार मागच्या दाराने नेऊ नका. ज्या दाराने सगळे येतात त्याच दाराने.

आणि संडास. तुमच्या पत्रात त्याचा शब्दही नाही, यावरूनच ते पुरुषाने लिहिलंय हे कळतं. बायकांचा वेगळा संडास आहे का? त्याला आतून कडी आहे का? पाणी येतं का? रविवारी त्याची किल्ली कोणाकडे असते? वाडीवस्तीवरून आठ वाजता निघालेली बाई अकरापर्यंत कळ काढते आणि आशीर्वाद होताच घर गाठते. तिला तुम्ही ‘मंडळीत मिसळत नाही’ म्हणता. महिला मंडळ गप्प का, याचं एक उत्तर इथे सापडेल. त्यांच्याकडे जा, पण कमिटीच्या बैठकीत बोलावून ‘भगिनींचं काय मत’ असं विचारू नका. त्या म्हणतील, तुम्ही ठरवाल ते. त्यांच्या प्रार्थनासभेनंतर जाऊन बसा आणि ऐका. खर्चाच्या यादीत ओट्याच्याही वर काही लिहायचं असेल तर ते हेच आहे.

आता भांडणांकडे येते.

बाकांचं भांडण जितकं रागाचं दिसतं तितकं अवघड नाही. बाक हे काही येशूचा शिष्य पेत्र याच्या काळापासून आलेले नाहीत. युरोपात शेकडो वर्षं लोक चर्चमध्ये उभेच असत. भिंतीलगत दगडी कट्टा असे, तो म्हाताऱ्या-आजाऱ्यांसाठी. धर्मसुधारणेनंतर प्रवचनं लांबली तेव्हा कायमचे बाक सगळीकडे आले. आपल्याकडे ते मिशनबरोबर आले, पण इथेही सगळे काही बाकावर बसून ख्रिस्ती झाले नाहीत. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं उभी केली ती काही बाकांच्या रांगांसाठी नव्हेत. हे सगळं ज्येष्ठांना सांगायला जाऊ नका मात्र. त्यांचं म्हणणं इतिहासाबद्दल नाहीच, वडिलांबद्दल आहे. त्यांच्या घरी जा आणि म्हणा, तुमच्या वडिलांच्या नावाचा बाक टाकून द्यायचा नाहीये, लिंबाच्या सावलीला पहिली बैठक म्हणून त्याचा मान आहे, पाऊस लागू नये म्हणून वर छप्पर घालतो, तुम्ही म्हणाल तर. सागवानी असेल तर छपराखाली तो आणखी कित्येक वर्षं टिकेल. ‘नाही’ म्हणाले तर विषय सोडा. मात्र अगदी मागचा एखादा बिननावाचा बाक मिळाला तर त्या जागी काही ठेवू नका. लेकुरवाळ्या बायकांना आणि व्हीलचेअरला ती मोकळी जागा लागते.

ट्रेझररांचा हिशेब मला समजतो. इमारतीला उत्पन्न हवं, कौलं दरवर्षी चाळावी लागतात. पण दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. एक, जागा बहुधा धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या नावावर असेल, तुमच्या कमिटीच्या नाही. कसलंही बांधकाम किंवा भाडं ठरवण्याआधी तिथली लेखी परवानगी हवी, ओट्यालासुद्धा. खोली कोणाला तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची म्हटलं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. चर्चच्या जमिनीवरून आपल्याकडे कोर्टकज्जे काय कमी झालेत? दुसरी गोष्ट, शनिवारी रात्री वाढदिवस झालेल्या हॉलमध्ये रविवारी सकाळी संडे स्कूल भरवून बघा म्हणावं. फुगे, केकचे कागद आणि ‘हॅपी बर्थडे’ची झालर. हे महिनाभर कोण झाडणार, तेही विचारा. नाव महिला मंडळाचंच येईल.

तरुण संघाला मी मोडीत काढत नाहीये. त्यांना कॅफे हवाय म्हणजे काय हवंय? जिथे मोठी माणसं टोकत नाहीत अशी जागा. ती मागची खोली त्यांना द्या. खरोखर द्या, किल्लीसकट. आधी त्यांच्याकडूनच ती रिकामी करून घ्या. दहावी-बारावीची आणि एमपीएससीवाली पोरं रोज संध्याकाळी बसू शकतील अशी अभ्यासिका काढा. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना अभ्यास करणारी पोरं कुठल्याही धर्माची असोत, त्यांना टेबल, दिवा आणि शांतता पाहिजे. रविवारी तीच खोली लहान मुलांना.

त्या खोलीबद्दल थोडं. दगडी भिंती, शहाबादी फरशी, त्यात वीस माणसं बोलली की मासळीबाजार होतो. कानाला मशीन लावणाऱ्याला तर नुसता गोंगाट ऐकू येतो, शब्द नाही. उपाय स्वस्त आहे. जाड सतरंज्या, जाड पडदे आणि एक अख्खी भिंत सॉफ्ट बोर्डची, मुलांची चित्रं लावायला. पीओपीचं छत घालू नका. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, ती कोंडायची आणि मग एसी घ्यायचा, हा कुठला व्यवहार? भिंती चुन्यात बांधलेल्या असणार. त्यांना सिमेंटचं प्लास्टर किंवा ऑइल पेंट लावला की ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधा. मिळतात अजून.

किल्ल्या तीन करा. एक पाळकसाहेबांकडे, एक तरुण संघातल्या एखाद्या मुलीकडे, एक चर्चच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या घरात, मग ते घर कमिटीत असो वा नसो. तुमच्याकडे नको. राग मानू नका, सेक्रेटरीकडे आधीच खूप असतं.

चहाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. चर्चच्या आवारातल्या चहाचा महिमा मोठा आहे. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, पुढ्यात चहा आला, कोणी प्याले, कोणी नुसता हात लावला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि सगळ्या पुण्यात असं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं भांडण, माजलं की प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एका कपाने जात मोडते म्हणून लोक घाबरले. म्हणजे कपात काय ताकद असते बघा.

तर तुमचा चहा कुठे ठेवायचा? फाटकापाशी नको, लोक घेऊन चालू पडतील. ओट्याच्या पलीकडच्या टोकाला ठेवा, म्हणजे तिथवर जाताना चार माणसांच्या समोरून जावं लागतं. करायचा कोणी? पाळी लावा, घराघराने, आणि पाळी घराची म्हणजे पुरुषांचीही. पहिल्या महिन्यात कमिटीचे सभासद करतील. साखर जास्त पडेल, पडू द्या. कागदी कप नकोत. स्टीलचे पेले ठेवा. ते विसळायला दोन माणसं लागतात, आणि नळापाशी शेजारी उभं राहून पेले विसळणाऱ्या दोघांची जितकी ओळख होते तितकी सहलीतही होत नाही. नवीन माणसाला हाताला काम मिळालं की त्याचा संकोच जातो.

पाळकसाहेबांना माझा निरोप सांगा, थोडा भीतभीतच. ते दारात उभे राहून हात मिळवतात ते प्रेमाने, यात शंका नाही. पण दारातला हात हा निरोपाचा हात असतो. माणसाला वाटतं, झालं, सुटलो. त्यांनी आशीर्वादानंतर सरळ ओट्यावर जाऊन बसावं. ज्याला भेटायचं तो तिथे येईल, आणि येईल तो टेकेल. माझे वडील हे करायचे, त्यांच्या गुडघ्यांमुळे. त्यांच्या काळात आमच्या आवारात दुपारी एकपर्यंत माणसं असायची आणि आई जेवणासाठी तीनदा हाका मारायची.

आता जे लिहिते ते तुमच्या कमिटीत मोठ्याने वाचलं जाणार नाही, तरी लिहिते.

नवीन माणूस आला की आपण काय विचारतो? आडनाव काय? मूळ गाव कुठलं? माहेर कुठलं? कोणत्या मिशनचे? आपल्याला वाटतं ही आपुलकी. तिला कळतं की ही चौकशी कशाची चाललीय. मंडळीत जात नाही असं आपण वेदीवरून सांगतो आणि ओट्यावर आडनावातून शोधतो. तुमच्या चर्चमध्ये कोणत्या वस्तीची घरं कोणत्या बाकांवर बसतात ते त्या तीन रविवारी आत नजर टाकून बघा. त्याच रांगा ओट्यावर येऊन बसल्या तर मी सांगितलेला काटकोन काही कामाचा नाही. याला गवंडी उपयोगाचा नाही, तुम्हालाच दर रविवारी वेगळ्या टोकाला जाऊन बसावं लागेल. रेव्हरंड टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही बसायला जागा होती. आपण बाप्तिस्मा झालेल्यांनाच एका रांगेत बसवू शकलो तरी पुष्कळ.

विचारायचंच असेल तर साधं विचारा. कुठे राहता? यायला गाडी मिळते का? ऊन लागतंय का तिथे? आणि उपासनेत ‘आज कोणी नवीन आले असतील तर कृपया उभे राहावे’ ही जी घोषणा होते, ती बंद करा. अनोळखी बाईला नव्वद माणसांसमोर उभं करून टाळ्या वाजवायच्या याला स्वागत म्हणत नाहीत. तिच्या शेजारी जाऊन बसायला एक माणूस पुरतो. त्याने गाण्याचं पुस्तक उघडून योग्य पान काढून दिलं तरी खूप झालं.

सिस्टरकडे जा. या आठवड्यात जा, ओटा बांधून झाल्यावर नाही. बायकोला बरोबर घ्या, कमिटीला नको. दवाखान्यात ड्यूटीवर गाठू नका, क्वार्टरवर जा, आधी फोन करून. नाव विचारा आणि उशिरा विचारतोय हेही सांगा. ‘आम्ही तुमच्यासाठी जागा करतोय’ असं म्हणू नका, तिच्या डोक्यावर उगाच ओझं. ती परत आली तर उत्तम, नाही आली तर तिची मर्जी, कदाचित तिला दुसरी मंडळी मिळाली असेल. आणि आली तर कृपा करून लगेच तिला टेबल मांडून सगळ्यांचं ब्लड प्रेशर तपासायला बसवू नका. बिचारीला एक रविवार तरी नुसतं बसू द्या.

तुमची,
मावशी

ता. क. ओट्याचा पाया लिंबाच्या बुंध्यापासून चार-पाच फूट तरी लांब खणा आणि जाड मूळ लागलं तर तोडू नका, पाया तिथे वळवा. बुंध्याभोवती काँक्रीट ओतून पार करायचा मोह कोणाला तरी होईलच. तिथली माती उघडीच ठेवा, पाणी मुरलं पाहिजे. पानं आणि निंबोळ्या ओट्यावर पडतील अशी तक्रार येईल. एक खराटा तिथेच टांगून ठेवा.